मामा झोपलाय

तराजूचा काटा एकदम थांबला, म्हणून मी मान वर केली. सकाळपासून खाली रस्त्यात पाण्याच्या नळासाठी खणणं चाललं होतं आणि कुदळीच्या प्रत्येक घावाबरोबर माझ्या टेबलावरचा काटा थरथरत होता. तराजू एका औषधाच्या कारखान्याचा, माझ्याकडे दुरुस्तीला आलेला, काचेच्या पेटीतला, पापणीचा एक केस ठेवला तरी झुकणारा. अशा तराजूला शांतता लागते, आणि ती न मिळाल्यामुळे खणणाऱ्यांना मनातल्या मनात यथेच्छ शिव्या देऊन झाल्या होत्या. काटा थांबला आणि मला बरं वाटलं. मग वाटलं, का थांबला? खिडकीतून पाहिलं तर खड्ड्यातल्या एका माणसाने कुदळ टाकून दिली होती आणि तो मागे न बघता चालत निघाला होता. पळत नव्हता, चालत होता. टाचा न टेकवता, अंथरुणात कोणी झोपलं असावं तसा. ती चाल माझ्या ओळखीची होती, पण कुठली ते चटकन आठवेना. मग मी खड्ड्यात पाहिलं. चिखलात अर्धं रुतलेलं एक लोखंडी पोट दिसत होतं, हातभर लांबीचं, मधे फुगलेलं, एका टोकाला निमुळतं. खरं सांगायचं तर मला आनंद झाला. गर्दीत अचानक गावचा माणूस दिसावा तसा आनंद. अरे, मामा इथे कुठे, असं मी जवळजवळ मोठ्याने म्हणालो. शेजारच्या टेबलावरचा भिंगवाला माझ्या खांद्यावरून वाकून बघत होता. तीस वर्षं आम्ही शेजारी बसतो, आणि डोळ्याला भिंग नसलं की त्याचा चेहरा मला अनोळखी वाटतो. तो हळूच म्हणाला, "बॉम्ब आहे रे. जुन्या लढाईतला."

मामा म्हणजे आमच्या विहिरीवरचं वजन. आमचं घर गावाच्या टोकाला होतं, विहीर मागच्या अंगणात, आणि विहिरीवर बाबांनी बसवलेली दांडी. बेचक्याचा एक खांब, त्यावर आडवा टाकलेला लांबलचक वासा, वाशाच्या एका टोकाला दोर आणि बादली, दुसऱ्या टोकाला वजन. दोर खाली ओढला की वजन वर जायचं आणि बादली पाण्यात उतरायची. दोर सैल सोडला की वजन खाली यायचं आणि भरलेली बादली आपोआप वर. आई त्या काळात अशक्त होती. धाकटीच्या जन्मानंतर तिच्या दंडातली ताकद गेली ती आलीच नाही, आणि विहीर खोल. बाबा सुतार, लाकडाची काय कमी, पण वजनाला लोखंड मिळेना. लढाई नुकती संपली होती, कुंपणाच्या तारासुद्धा कोणीतरी उपटून नेलेल्या होत्या. आधी त्यांनी दगड बांधून पाहिले, ते निसटायचे. मग एका संध्याकाळी ते हातगाडीवरून काहीतरी घेऊन आले, गवताखाली झाकून. सैनिकांची छावणी उठून गेली होती, तिच्या मागच्या ओढ्यात सापडलं म्हणाले. आईला भाऊ नव्हता, आम्हाला मामा नव्हता, याची आम्ही दोघं भावंडं सारखी कुरकुर करायचो. बाबा म्हणाले, हा घ्या तुमचा मामा. आईने त्याच्याकडे पाहून विचारलं, "माझ्या भावाचं पोट एवढं सुटलंय?" त्यावर बाबा इतके हसले की त्यांना खाली बसावं लागलं. दरवर्षी उन्हाळ्यात आम्ही मामाला निळा रंग द्यायचो, डोळे काढायचो, मिशा काढायचो. धाकटी त्याला गवताची टोपी घालायची. माझ्या लहानपणाचं चित्र काढायला कोणी सांगितलं, तर मी अजूनही तो निळा रंगच काढीन. बालपण सुखात गेलं, असं मी माझ्या लग्नात, माझ्या मुलांना, भिंगवाल्याला, सगळ्यांना सांगत आलो आहे. भिंगवाला तर म्हणतो की तुझं बालपण मला तोंडपाठ आहे.

शिट्ट्या वाजल्या. जिन्यावरून कोणीतरी ओरडत वर येत होतं की सगळ्यांनी बाहेर पडा, काही घेऊ नका. मी तराजूच्या ताटलीतली वजनं चिमट्याने एकेक उचलून पेटीतल्या मखमलीच्या खाचांमध्ये ठेवायला लागलो. सर्वांत लहान वजन तांदळाच्या कणीएवढं असतं. भिंगवाल्याने माझा दंड धरला आणि म्हणाला, "राहू दे ना आता." पण वजनं उघडी टाकून उठणं मला या जन्मी जमायचं नाही. आणि ठेवायची ती आवाज न करता. माझ्या हाताखाली शिकलेली पोरं मला मांजर म्हणतात, मला ठाऊक आहे. वजन ताटलीत ठेवताना टक् असा आवाज झाला की माझ्या मानेवर काटा येतो आणि मी त्या पोराला पुन्हा ठेवायला लावतो, दहा वेळा, वीस वेळा. हात हलका हवा. मला हलका हात कोणी शिकवला, असं मालकांनी एकदा विचारलं होतं, तेव्हा मी अभिमानाने सांगितलं की आमच्या घरात एक खेळ होता.

तो खेळ असा. बादली भरून वर आली की मामाला जमिनीवर बसवायचा, पण आवाज न होता. दोर एकदम सोडायचा नाही, हाताखालून इंचाइंचाने जाऊ द्यायचा. मामाखाली बाबांनी गवत भरलेलं पोतं ठेवलेलं असे, त्या पोत्यावर तो असा बसला पाहिजे की गवत करकरलंसुद्धा नाही पाहिजे. कारण मामा झोपलाय. मामा लढाईतून दमून आलाय, त्याला झोपू द्या. ज्याचा मामा बिनआवाजी बसेल त्याला बादलीतलं पहिलं पाणी. विहिरीजवळ चालायचं ते चवड्यांवर, बोलायचं ते कुजबुजत. त्या कुजबुजीत केवढी गंमत होती! सगळं गाव बोंबलत फिरत असताना आमच्या मागच्या अंगणात आम्ही चौघं चवड्यांवर चालतोय, हसू दाबतोय, धाकटीच्या नाकातून फुस्सकन हसू सुटतंय आणि बाबा ओठांवर बोट ठेवून डोळे मोठे करताहेत. पोत्यातलं गवत बाबा दर आठवड्याला बदलायचे. एकदा, फक्त एकदा, मी ते पोतं ओढून नेलं होतं, पलीकडे उतारावरून घसरायला. दुपारी बाबा मला शोधत आले. मारलं नाही, ओरडले नाहीत. पोतं उचललं, परत नेऊन जागच्या जागी ठेवलं आणि गोठ्यामागे जाऊन ओकले. उन्हाचा त्रास झाला, असं आई म्हणाली.

दोरी बांधलेली होती ती रस्त्याच्या पार त्या टोकाला. तिच्यामागे आम्ही सगळे उभे, शिंपी, छापखान्यातले लोक, दुसऱ्या मजल्यावरचा दातांचा डॉक्टर आणि अर्धवट दात कोरलेला त्याचा पेशंट, गालाला रुमाल लावून. लोक जवळजवळ मजेत होते. सुट्टी मिळाल्यासारखे. एक तरुण पोलीस दोरीपाशी उभा होता, त्याला कोणीतरी विचारलं की एवढी वर्षं काही झालं नाही तर आता काय होणार. तो म्हणाला, पन्नास-पंचावन्न वर्षं गप्प पडलंय म्हणजे मेलंय असं नाही हो. उलट आतून गंजत जातं आणि मग त्याचा काही भरवसा राहत नाही. कधी हातोडा मारला तरी काही होत नाही, कधी नुसतं कलतं झालं तरी पुरतं. विशेषतः ते टोक. टोकावर पडलं तर संपलंच म्हणा. तो हे पाठ केल्यासारखं सांगत होता, बहुतेक सकाळीच त्याला कोणी सांगितलं असेल. दातवाल्या पेशंटने रुमालाआडून काहीतरी विनोद केला आणि लोक हसले. मीही हसलो. हसता हसता थांबलो आणि दोरी घट्ट धरली. पोलीस म्हणाला, आजोबा, दोरीला रेटू नका.

कारण मामा अजून आहे. गावच्या घरात धाकटी राहते, नवऱ्यामागे ती एकटीच असते, आणि शाळांना सुट्टी लागली की तिची दोन नातवंडं येऊन राहतात. बाबा म्हातारे झाल्यावर घरात नळ आला होता. दांडी मोडली तशी त्यांनी ती मोडूच दिली. मी कितीदा म्हणालो, दुरुस्त करू या, तर ते म्हणायचे, नको. मामा गवतात निजला, त्याच्याभोवती बाबांनी काटेरी झुडपं लावली. फुलं नाहीत, फळं नाहीत, नुसते काटे. म्हातारपणी माणसाला काहीही सुचतं, असं मी धाकटीला म्हणालो होतो. ते गेले, वीस वर्षं झुडपं वाढत राहिली आणि आत मामा निजून राहिला. तसाच राहिला असता. त्याला उठवला मी. मागच्या वर्षी, माझ्या या हलक्या हातांनी. धाकटीच्या नातवंडांना आमच्यासारखं बालपण मिळावं म्हणून. ती पोरं सुट्टीत येऊन खोलीत बसून असतात, अंगणात पाऊल टाकत नाहीत, अशी धाकटीची तक्रार होती. मी आठ दिवसांची रजा काढून गेलो. झुडपं छाटली, हात सोलवटून घेतले. मामाला बाहेर ओढला, होय, ओढला, गवतातून घसपटत. तारेच्या ब्रशने गंज काढला. टोकाशी एक कडं गंजून घट्ट बसलं होतं, ते मी कानसून मोकळं करायला लागलो, तासभर कानसत होतो, शीळ घालत. कड्यात भोक पाडून, मामाला खालून ओढता यावं म्हणून, पक्का हूक बसवायचा विचार होता, पण शेजाऱ्याकडे ड्रिल मागायला गेलो तर घराला कुलूप. ते कुलूप आता माझ्या डोळ्यांसमोर आलं. पितळी, साधं कुलूप. त्या शेजाऱ्याला मी मनात फार नावं ठेवली होती.

हे सगळं एकामागून एक नाही आठवलं. एकदम, एका ठिकाणी आठवलं, आणि त्यातलं सर्वांत वाईट सर्वांत शेवटी. बाबांनी मामाला वाशावर आडवा बांधला होता, टोक आभाळाकडे थोडं उचललेलं. ते मला नेहमीच ओबडधोबड वाटायचं. सुताराचं काम, वजनाचं ज्ञान नाही. वजन कसं, उभं लोंबायला हवं, ओळंब्यासारखं, टोक बरोबर खाली. तरच तोल खरा येतो. चाळीस वर्षं मी हेच काम करतोय, मला कोण शिकवणार? मी मोडलेल्या दांडीला नवा वासा घातला, मामाला पाठीकडून साखळीत अडकवला आणि टोक खाली करून टांगला. दोराच्या बाजूला दोन मुलं बसतील असा फळीचा झोका केला. किती वजनाची मुलं, वासा किती लांब, सगळं मोजून असा तोल साधला की दोघं बसली की मामा अलगद वर जावा आणि उतरली की खाली यावा. विहिरीवर लोखंडी जाळी टाकून घेतली, मुलं पडू नयेत म्हणून. मामाखालचं पोतं कुजून गेलं होतं, ते जाळलं. आणि चिखल होऊ नये म्हणून खाली फरशी घातली. दगडी फरशी, चारही बाजूंनी रंधा मारल्यासारखी सपाट. धाकटीचं पत्र चार दिवसांपूर्वी आलंय, खिशात आहे. मुलं आली आहेत, न्याहारी झाली की झोक्यावर जाऊन बसतात ती जेवायलाच येतात, दिवसभर अंगणात ठणठण चालू असतं, डोकं उठलं माझं, पण बालपण काय ते हेच, दादा, तुझे किती उपकार मानू. हे पत्र मी भिंगवाल्याला वाचून दाखवलं होतं.

घड्याळात साडेदहा वाजले होते. न्याहारी झालेली असणार. मी दोरीपासून मागे वळलो आणि चालायला लागलो. पळावंसं वाटत होतं आणि पाय चवड्यांवर पडत होते. कोपऱ्यावर औषधाचं दुकान उघडं होतं, तिथे फोन असतो हे मला ठाऊक होतं कारण दुकानाच्या बाईंचा तराजू मीच दुरुस्त करतो. पण त्या कोपऱ्यापर्यंतच्या दोनशे पावलांत मला एक दिवस आठवला, जो मी आजवर कोणाला सांगितला नव्हता कारण त्यात सांगण्यासारखं काही आहे असं मला वाटलं नव्हतं. पहिल्या उन्हाळ्यात खेळ नव्हता. पोतंही नव्हतं. पहिल्या उन्हाळ्यात आम्ही मामाला धाडकन आपटायचो, मुद्दाम, जमीन हादरते ती पायांना कळायची म्हणून. मग एका दुपारी बाबा कामावरून अवेळी परत आले. ते पलीकडच्या गावात कुठल्याशा घराचं छप्पर घालायला गेले होते. मी दोर धरून लोंबत होतो, धाकटी खाली टाळ्या पिटत होती. बाबा फाटकाशी येऊन उभे राहिले. त्यांच्या कपड्यांवर पांढरी धूळ होती, कानापर्यंत. त्यांनी हाक मारली नाही. हत्यारांची पेटी त्यांनी जमिनीवर अशी ठेवली की आवाज झाला नाही, आणि ते चवड्यांवर चालत माझ्याकडे यायला लागले, ओठांवर बोट ठेवून, हसत. मी पण हसलो. त्यांनी माझ्या हातांवरून दोर आपल्या हातात घेतला आणि कानात कुजबुजले, शू, मामा झोपलाय. त्यांचे ओठ पांढरे होते, ते मला धुळीमुळे वाटलं. दोर सोडायला त्यांना इतका वेळ लागला की माझी मान दुखायला लागली. तेवढ्या वेळात एक कोंबडी आली, मामाखाली चोच मारून गेली. मग मामा बसला, आवाज झाला नाही, आणि बाबा म्हणाले, पहिलं पाणी माझं. ते पाणी त्यांनी अंगावर सांडत प्यायलं. पलीकडच्या गावात काय झालं होतं ते मोठ्या माणसांनी आमच्यासमोर कधी बोलून दाखवलं नाही. ते छप्पर मात्र बाबांनी पुरं केलं नाही, मामाचाच कुणी भाऊबंद तिथे फुटला असणार.

त्यांना माहीत होतं. लढाईच्या दिवसांत ते त्या छावणीत सुतारकामाला होते, खोकी बनवत होते. कसली खोकी, ते मी कधी विचारलं नाही. आत खाचा पाडलेली, पेंढा भरलेली, माझ्या वजनांच्या पेटीला असतात तशा खाचांची. मामाच्या पोटाचं माप त्यांना शिंप्याला गिऱ्हाइकाचं असतं तसं पाठ असणार. रिकामा समजून आणला असेल. मग त्या दुपारी समजलं असेल की रिकामा नाही, किंवा नसेल, सांगता येत नाही. आणि मग? छावणीतलं काही उचलणाऱ्याला तुरुंगात टाकत होते. आई अशक्त, मी पाच वर्षांचा, धाकटी तीन. आणि काढायचा म्हटला तरी तो सोडायचा कसा, गाडीवर घालायचा कसा? आणताना माहीत नव्हतं म्हणून आणता आला. आणि पाणी तर रोज लागतं. म्हणून त्यांनी पोतं शिवलं आणि खेळ केला. माझ्या सगळ्या सुखाचा पाया काय होता, तर एक माणूस रोज सकाळी उठून जीव मुठीत धरून हसत होता. रागावू की रडू, मला कळेना. मला त्यांचा राग आला, खरंच आला, त्यांनी एकदा तरी मला सांगायचं, मी मोठा झाल्यावर, मला मिशा फुटल्यावर. झुडपं काय लावता? काट्यांनी काय सांगता?

दुकानाच्या बाईंनी काही न विचारता फोन पुढे सरकवला. माझा चेहरा बोलका असावा. मी आकडे फिरवले, बोट दोनदा चुकलं. पलीकडे घंटी वाजत राहिली. गल्ल्याशेजारी बाईंचा तराजू होता, माझं कोपर टेबलाला टेकलेलं होतं आणि काटा थडथडत होता. काय बोलायचं ते मी ठरवलं नव्हतं. बॉम्ब म्हणालो तर ती किंचाळेल, खिडकीतून मुलांना हाक मारेल, मुलं झोक्यावरून उडी टाकून धावत येतील. दोघं एकदम उतरली की मामा खाली येणार, तो तोल माझाच, तोळ्याचीही चूक नाही त्यात. बॉम्ब म्हणायचं नाही. सहाव्या की सातव्या घंटीला तिने फोन उचलला आणि तिच्या आवाजाआधी मला खिडकीतून येणारं हसणं ऐकू आलं. लहान मुलांचं, दोन वेगवेगळ्या उंचीचं.

"चिमणे," मी म्हणालो. हे तिचं लहानपणचं नाव, साठीला आली तरी मी ते सोडलेलं नाही. "मुलं कुठे आहेत?"

"कुठे असणार? तुझ्या झोक्यावर. तुझा मामा बसलाय वर आभाळात. का रे, आज फोन केलास?"

मी कोपर टेबलावरून उचललं. काटा हळूहळू थांबत गेला. मी तिला म्हणालो, "चिमणे, मामा झोपलाय."

ती हसली. मग थांबली. तिने विचारलं की सकाळी सकाळी हे काय काढलंस. मी पुन्हा तेच म्हणालो, मामा झोपलाय, आणि खाली पोतं नाही, फरशी आहे, आणि मी त्याला टोकावर टांगलाय. मी हे कुजबुजत बोलत होतो, हे मला दुकानाच्या बाई माझ्याकडे ज्या नजरेने बघत होत्या त्यावरून कळलं. तिच्या स्वयंपाकघरातलं घड्याळ ऐकू येत होतं, ते बाबांचं घड्याळ, दर महिन्याला पाच मिनिटं पुढे जाणारं. मी सांगितलं, तुझ्या गाद्या घे, लांबून काठीने फरशीवर सरकव, तू त्याच्याखाली जाऊ नकोस. मग दोर तू धर, एकेकाला उतरव, आणि मामाला बसव. आपण बसवायचो तसा. मुलांना हाक मारू नकोस, जवळ जाऊन सांग.

"दादा," ती अगदी हळू म्हणाली, "काय झालंय?"

"आधी बसव. मग सांगतो."

"किती हळू?"

"बाबा बसवायचे तितका."

फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज झाला, खूप लहान, वजन मखमलीत ठेवल्यासारखा. मग पावलं, मग काही नाही. दुकानाच्या बाईंनी माझ्यापुढे पाण्याचा पेला ठेवला, मी तो घेतला नाही कारण घेतला असता तर त्याचा आवाज झाला असता. खिडकीतून तिचा आवाज आला, लांबून, आणि तो आवाज मी ओळखला नाही. लाडीक, खट्याळ, गुपित सांगणारा आवाज. चला रे, तुम्हाला एक खेळ शिकवते, आमचा लहानपणचा. शू. मुलं खिदळली, मग दाबून खिदळली. मग ते दाबलेलं हसणंही थांबलं. राहिलं ते घड्याळ. टिक टिक मोजत मी उभा होतो आणि मला एवढंच कळत होतं की आता माझे हात उपयोगाचे नाहीत. चाळीस वर्षं साधलेला हलका हात, तो इथे, दोनशे मैलांवर, फोनला चिकटलेला. तिची बोटं संधिवाताने वाकडी झाली आहेत. दोर जाडाभरडा आहे, मीच आणला, पक्का असावा म्हणून. दोर सोडायला किती वेळ लागतो ते मला माहीत होतं, मान दुखेपर्यंत. एक चिमणी कुठेतरी चिवचिवली. तीसुद्धा गप्प बसावी असं मला वाटलं. धाड असा आवाज येईल, किंवा आवाज येणारच नाही, नुसता फोन बंद पडेल, आणि मी टूं टूं ऐकत उभा राहीन, असं मी पुन्हा पुन्हा मनात ऐकत होतो. बाबांनी हे किती वर्षं ऐकलं? वीस? पंचवीस? रोज किती बादल्या? आई कपडे धुवायच्या दिवशी वीस तरी. मी हिशेब सोडून दिला.

फोन उचलला गेला. तिचा श्वास ऐकू आला, धावून आल्यासारखा, पण ती धावली नव्हती.

"बसला," ती म्हणाली.

"आवाज?"

"नाही झाला." मग ती म्हणाली, "दोराने माझे तळवे बघ कसे सोललेत. तुला काय दिसणार म्हणा."

मी तिला मग सांगितलं, रस्त्यातलं, खड्ड्यातलं, पोलिसाचं. कमीत कमी शब्दांत. तिने मधे एकदाही विचारलं नाही की तुझी खात्री आहे का. तिला आठवत होतं, असं मला वाटलं, मला आठवत होतं त्यापेक्षा जास्त. गोठ्यामागे बाबा ओकत असताना कदाचित ती तिथेच कुठे उभी असेल. मी विचारलं, मुलं काय करताहेत. ती म्हणाली, चवड्यांवर चालताहेत अंगणभर, एकमेकांना शू शू करत. धाकट्याला तर फारच आवडलं. म्हणतोय, आजी, उद्या पण मामाला झोपलेलाच असू दे.

"दादा, बाबांना माहीत होतं?"

"हो."

"मग ते हसायचे कसे रे?"

मी तिला विचारलं की तू आत्ता मुलांसमोर काय केलंस. घड्याळ चालू होतं. मग मी सांगितलं की आता मुलांना घेऊन पुढच्या दाराने बाहेर पड, फाटकाबाहेर, रस्ता ओलांडून शाळेच्या मैदानापर्यंत जा, तिथून पोलिसांना फोन कर. पळवू नकोस. खेळच चालू ठेव. ज्याच्या पावलांचा आवाज होणार नाही, त्याला पहिलं पाणी. ती म्हणाली, बरं. फोन ठेवू का? मी म्हटलं, नको, तसाच राहू दे, टेबलावर. मला ऐकू दे.

तिने तो तसाच ठेवला. रस्त्याच्या त्या टोकाला वाळूच्या गोण्या भरलेली एक गाडी आली होती, भिंगवाला मला शोधत दुकानाच्या दारात येऊन उभा राहिला होता आणि काहीतरी विचारत होता. मी ओठांवर बोट ठेवलं. मग डोळे मिटून, तीन माणसांच्या पावलांचा आवाज येतो का, ते मी ऐकत राहिलो. आला नाही.